सुटी चाचणी की सीबी अहवाल?

वाळूजच्या एका उद्योजकाला पॉवर अडॅप्टर युरोप-अमेरिका दोन्हीकडं पाठवायचेत. प्रत्येक देशासाठी सुरक्षेची सुटी, म्हणजे वेगवेगळी चाचणी करावी, की सीबी योजनेतला (विजेच्या उपकरणांचे चाचणी अहवाल देशोदेशी मान्य करणारी आंतरराष्ट्रीय योजना) एकच अहवाल घ्यावा?

खर्चात सुटी चाचणी एका देशापुरती परवडते. दुसरा देश आला की नमुने अन् फी पुन्हा. सीबी अहवाल पन्नासहून जास्त देशांत चालतो. मुळात आयईसी 62368-1 हे अशा उपकरणांच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक घडवताना देशोदेशीचे तज्ज्ञ एकत्र बसले, म्हणून बराच भाग सगळीकडं सारखा. उरलेले फरक, म्हणजे प्लग, अमेरिकेतली 120 व्होल्ट-60 हर्ट्झची वीज, लेबलवरचा मजकूर, प्रयोगशाळेला आधीच सांगा; नाहीतर फेरचाचणी ठरलेलीच.

कटकट दोन्हीत आहे. अहवाल म्हणजे परवाना नव्हे, एजंट काहीही म्हणो.

एकाच देशातलं गिऱ्हाईक असेल तर सुटी चाचणी. बाजार वाढवायचा असेल तर सीबी.