साडेचौदा हजारांचा जुना लॅपटॉप, आठ महिन्यांनंतर: सगळं बरं, एक बटण सोडून

कंपन्यांतून निघालेला माल, आय-फाइव्ह, 8 जीबी, 256ची एसएसडी. हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही. मला डी या बटणाबद्दल बोलायचंय.

तिसऱ्या महिन्यात ते मेलं. इंग्रजीत टाइप करणाऱ्याला वाटेल, सव्वीसातलं एक गेलं. मराठी इनस्क्रिप्टमध्ये (मराठी टायपिंगची बटणांची मांडणी) डी म्हणजे हलन्त, अक्षराचा पाय मोडायचा तो इथेच. आणि शिफ्टसकट डी म्हणजे अ. म्हणजे जोडाक्षरं गेली आणि मुळाक्षरांतलं पहिलं अक्षरही गेलं. 'महाराष्ट्र'चं 'महाराषटर', 'अर्ज'चा 'रज'. आणि मी वस्तीत अर्जच टाइप करून देते, पानाला वीस रुपये.

दुकानात गेले. वॉरंटी म्हणे मदरबोर्डची, कीबोर्ड त्यात येत नाही. वर, "मॅडम, एका बटणाने काय अडतं?" त्याच्याच काउंटरवर लॅपटॉप उघडून दाखवलं. 'दुकानदार' नीट उमटला, 'वॉरंटी'ही उमटली, 'खर्च' काही उमटेना. तो हसला, पण अठराशेखाली उतरला नाही. यूएसबी कीबोर्ड साडेतीनशेला मिळत होता. नाही घेतला. साडेचौदा हजार मोजल्यावर वर साडेतीनशे? ती आईची भिशी होती. चार घरच्या पोळ्या लाटून भरलेली, आणि नंबर लागला तेव्हा फ्रिज घ्यायचा की हा, यावर घरात आठवडाभर धुसफूस.

हट्ट माझाच होता. एमएस-सीआयटी झालं होतं. आमच्या गल्लीत ते बऱ्याच मुलींनी केलंय, 2001 पासून चालू असलेला कोर्स, माझ्या मावशीचंही झालंय. तिचं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती धुण्याभांड्याला. कोर्स संपला की कॉम्प्युटर संपतो, बोटं महिन्याभरात विसरतात. घरात स्मार्टफोन एकच, तो भावाच्या खिशात. लिपिक-टंकलेखकाला मराठीचे मिनिटाला 30 शब्द लागतात. क्लासमधून बाहेर पडले तेव्हा माझे 11 होते.

तर डी. पहिला आठवडा ऑन-स्क्रीन कीबोर्ड (विंडोज, कंट्रोल आणि ओ एकदम) आणि माउस. एका 'प्रतिज्ञापत्रा'ला चहा गार व्हायचा. मग क्लिपबोर्ड हिस्टरीत (कॉपी केलेलं जिथे साठतं तिथे) अ आणि हलन्त पिन करून ठेवले, विंडोज-व्ही दाबायचं आणि चिकटवायचं. लॉगिनच्या पासवर्डात डी होता, ते वेगळंच. मग कुठेतरी वाचून पॉवरटॉइज उतरवलं, मायक्रोसॉफ्टचंच, फुकट. त्यात एका बटणाचं काम दुसऱ्याला देता येतं. कॅप्स लॉकला डी केलं. शिफ्टसकट अ सुद्धा आला. रात्री साडेअकराला 'अर्ज' असं तेरा वेळा टाइप केलं, आई म्हणाली झोप आता.

इथे मत बदललं. तोवर मी एक स्टार देणार होते. पण बटण मेलं नसतं तर सेटिंगच्या आत हात घालायची हिंमत झाली नसती, हेही खरं. क्लासमध्ये 'काही दाबू नका, बिघडेल' एवढंच कानावर पडायचं. (दुकानदाराला याचं श्रेय नाही, त्याचा स्टार कापलाच आहे.)

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या (ऑनलाइन ओळख पटवण्याच्या) वेळी खरी परीक्षा झाली. बाईचा आधार, ओटीपी. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार, परत ओटीपी. बाहेर शंभर-शंभर घेत होते आणि फोनच हातातून घ्यायचे. आमच्या ओट्यावर फोन बाईच्याच हातात राहायचा. मी स्क्रीन तिच्याकडे वळवायचे, वाचून दाखवायचे, आकडे ती सांगायची. एक काकू म्हणाल्या, "थांब, हे 'मान्य आहे' म्हणजे काय मान्य आहे?" आजवर त्यांना हे विचारायला कोणी वेळ दिला नव्हता. मलाही नीट सांगता येईना, म्हणून दोघींनी बसून ते बारीक अक्षरातलं अख्खं वाचलं. मागे चौदा बायका रांगेत, पण वाचलं.

बॅटरी: सांगितली तीन तास, आहे पन्नास मिनिटं. लाइट गेले की अर्ज आधी सेव्ह. स्पीकर फाटका आहे, चालतो. कॅमेरा असून नसल्यासारखा. पंखा उन्हाळ्यात पत्र्याखाली मिक्सरसारखा ओरडतो, त्यात चूक पत्र्याची.

गेल्या महिन्यात कीबोर्डच ऑनलाइन साडेसहाशेला मागवला. अर्जांच्या पैशातून, भिशीतून नाही. व्हिडिओ बघून स्वतः बसवला, एक स्क्रू उरला, तो डबीत आहे. डी आता लोण्यासारखा चालतो. स्पीड 27. पण बोट अजून कॅप्स लॉककडेच जातं, म्हणून ती सेटिंगही तशीच ठेवलीय. भावाला वाटतं लॅपटॉप बिघडलाय, आणि म्हणून तो त्याला हात लावत नाही.

साडेतीन स्टार.