हात लावून पाहण्याचे संग्रहालय

इटलीच्या एड्रियाटिक किनाऱ्यावरील अँकोना बंदरात ‘म्युझेओ ओमेरो’ नावाचे संग्रहालय आहे आणि तेथील शिल्पे हात लावून पाहण्यासाठीच मांडलेली आहेत, एवढ्या माहितीवर आम्ही दोघी बहिणी रोमहून रेल्वेने तेथे गेलो. ताई जन्मांध आहे. पूर्वी दुसऱ्या एका मोठ्या संग्रहालयात तिला काचेच्या कपाटावरची ब्रेल पाटी तेवढी वाचायला मिळाली होती. शेजारच्या दगडी खांबाकडे हात नेताच पहारेकऱ्याने तो अडवला होता.

ओमेरो १९९३ साली आल्दो ग्रास्सिनी आणि दानिएला बोत्तेगोनी या अंध दांपत्याच्या पुढाकाराने सुरू झाले आणि १९९९ मध्ये त्याला राष्ट्रीय संग्रहालयाचा दर्जा मिळाला. परदेशच्या प्रवासांत ‘हात लावू नका’ हेच या दोघांच्या वाट्याला येत असे. ज्यांच्यासाठी सोय करायची त्यांनीच ती आखली, हे येथे सतत जाणवते. ब्रेलबरोबर ठळक, मोठ्या अक्षरांतील पाट्या आहेत आणि उंच शिल्पाच्या माथ्यापर्यंत हात पोचावा म्हणून हव्या तिथे सरकवता येणाऱ्या शिड्यांसारख्या पायऱ्याही आहेत.

मृत ख्रिस्ताला मांडीवर घेतलेली त्याची आई मारिया, असे मायकेलअँजेलोचे ‘पिएता’ हे शिल्प आहे; त्याच्या प्रतीजवळ ताई सर्वांत जास्त वेळ रमली. आधी दोन्ही हात पसरून तिने संपूर्ण आकार अजमावला आणि मग एकेक भाग बोटांनी वाचला: मारियेच्या छातीवरून तिरकी गेलेली पट्टी, तिच्यावर कोरलेली शिल्पकाराची स्वाक्षरी, मांडीवरच्या ख्रिस्ताचा सैल लोंबणारा हात. मारियेने मुलाला काखेखाली सावरले आहे, पण तिची बोटे आणि त्याचे अंग यांच्यामध्ये वस्त्र आहे, हे छायाचित्रांत अनेकदा पाहूनही माझ्या कधी लक्षात आले नव्हते; ते ताईने मला दाखवले. मारियेच्या गालावर हात ठेवून ती म्हणाली, “पंढरपूरला विठोबाचे पाय हाताला लागतात गं, पण देवाचा चेहरा कसा असतो ते आज कळलं.” मला काही बोलता आले नाही.

प्लास्टरमध्ये संगमरवराचा थंडावा नसतो, ही उणीव खरी. मात्र मूळ कृतीला हात लावणे अशक्य असताना मला ती गौण वाटते. डोळस पाहुण्यांना डोळ्यांवर पट्टी बांधून शिल्पे दाखवण्याचा उपक्रमही येथे चालतो आणि शाळांनी तो अवश्य घ्यावा.

वास्तूंच्या प्रतिकृती मुळीच चुकवू नयेत. आदल्या दिवशी रोमच्या पँथिऑन या प्राचीन घुमटाकार मंदिरात उभी राहून मी ताईला घुमटाच्या माथ्यावरचे गोल छिद्र शब्दांत समजावत होते. येथे तिने त्यात सरळ बोट घातले. जाणाऱ्यांनी मार्गदर्शकाची वेळ आधी ठरवावी आणि मोठ्या शिल्पाला किमान अर्धा तास धरून चालावे.