आफ्रिकन झाडाच्या नावाखाली बांधावरची बाभूळ

बोन्साय करणाऱ्यांनी हे जरूर वाचा. टांझानिया-केनियाच्या गवताळ रानात छत्रीसारखी पसरलेली जी काटेरी बाभूळ दिसते, ती ‘अम्ब्रेला थॉर्न’ कुंडीत तयार झाड म्हणून ऑनलाइन विकली जातेय. मी साडेसहा हजार रुपये आगाऊ भरून एक मागवलं. ‘केनियाहून आणलंय, पाच वर्षं याच कुंडीत आहे, मुळं पक्की धरलीत,’ असं विक्रेत्यानं फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं.

पुण्यात घरी आलं तेव्हा पानं हिरवीगार, मातीवर शेवाळाचा जाड थर. काही आठवड्यांत पानं झडली, फांद्या वाळल्या. कुंडीतून काढून पाहिलं तर बोटभर जाडीचं सोटमूळ कोयत्यानं तिरकं तोडलेलं आणि त्याला एकही बारीक मूळ नाही. कुठल्या तरी बांधावरून उपटून, थेट कुंडीत खोचून, बुंध्यातला सैलपणा शेवाळाखाली लपवलेला. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण धडधाकट झाड असं मारलं याची चीड त्याहून जास्त आहे.

शिवाय ते आफ्रिकन नव्हतंच, आपली साधी बाभूळ होती. काट्यांवरून ओळख पटते. अम्ब्रेला थॉर्नच्या एकाच फांदीवर दोन तऱ्हेचे काटे असतात: लांब, सरळ, पांढरे आणि त्यांच्यामध्येच आखूड, तपकिरी, आकडीसारखे वळलेले. आपल्या बाभळीचे सगळे काटे सरळ. आपल्या बाभळीला पिवळी फुलं येतात, तिला पांढरट. तिच्या शेंगाही पीळ घातल्यासारख्या गुंडाळलेल्या असतात. म्हणून फांदीचा जवळून काढलेला फोटो मागा आणि कुंडीतून मुळांचा गड्डा बाहेर काढून दाखवणारा व्हिडिओही मागा. ‘परदेशातून आणलंय’ म्हणाला तर आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र मागा; झाड कायदेशीर मार्गानं आलं असेल तर ही कागदपत्रं असतातच.

मुळात परदेशातून आणण्याची गरजच नाही. ही जात 1958 मध्ये इस्रायलमधून भारतात आली आणि राजस्थानात भरपूर लावली गेली. तिथे तिला इस्रायली बाभूळ म्हणतात. तिकडचं बी मिळालं तर त्यावर गरम पाणी ओतून रात्रभर ठेवा आणि फुगलेलं तेवढंच पेरा. सोटमूळ लवकर खोल जातं, म्हणून सुरुवातीला उंच कुंडी घ्या. माती भरड हवी, ऊन पूर्ण हवं, पावसाळ्यात पाणी साचता कामा नये. उथळ ट्रेमध्ये नंतर, मुळं टप्प्याटप्प्यानं छाटून.

पैसे भरून फसला असाल तर लगेच 1930 वर सायबर तक्रार नोंदवा, ग्राहक म्हणून तक्रारीसाठी 1915 आहे. चॅट आणि पैसे भरल्याची पावती डिलीट करू नका. माझा नंबर त्यानं ब्लॉक केलाय, पण तोच फोटो लावून दुसऱ्या नंबरवरून त्याची विक्री अजून चालू आहे.