दीड लाख फिरलेली ऑटोमॅटिक: गिअरबॉक्सचं ऑइल टप्प्याटप्प्याने बदलावं, मशीनवर की तसंच ठेवावं?

सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतली. मीटरवर दीड लाख, सर्व्हिस बुकात इंजिन ऑइलच्या नोंदी ओळीने, आणि गिअरबॉक्सच्या ऑइलचा कुठे उल्लेखच नाही. मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, मशीन लावून सगळं काढून टाका. दुसरा म्हणतो, खालचा नट खोलून निघेल तेवढंच बदला. तिसरा म्हणतो, चालतंय ना? मग हात लावू नका, नवं ऑइल घातलं की जुना गिअरबॉक्स बसतो. तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त प्रत्येकाच्या डोळ्यांसमोरचा गिअरबॉक्स वेगळा आहे.

आधी आपली ऑटोमॅटिक कुठली ते पाहा. खालची तुलना टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या गाड्यांना लागू आहे. उदाहरणाला 2016 साली आलेली 2.8 डिझेल इनोव्हा क्रिस्टा घेऊ, सहा गिअरची, एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) डब्ल्यूएस या प्रकारावर चालणारी. वॅगन आर किंवा स्विफ्टची एजीएस म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच दाबणं आणि गिअर बदलणं तेवढं यंत्र करतं. तिला कुणी ‘एटीएफ फ्लश’ सुचवला तर गॅरेज बदला. होंडा सिटीसारख्या सीव्हीटीत (ठरावीक गिअरऐवजी बेल्ट-पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये) एचसीएफ-2 हे तिचंच ऑइल, तेही निथळवून भरायचं. तिथे साधं एटीएफ गेलं तर बेल्ट आणि पुलीचा निकाल लागतो. पोलो जीटी टीएसआयच्या डीएसजीचे, म्हणजे दोन क्लचच्या गिअरबॉक्सचे, नियमही वेगळे.

पैसे काढण्याआधीची तपासणी

सकाळी थंड गाडी सुरू करा, ब्रेक दाबून डी आणि आर टाका. गिअर सेकंदभरात पकडायला हवा. दोन-तीन सेकंद जाऊन धक्का बसत असेल, किंवा चालत्या गाडीत गिअर बदलताना आरपीएम उगाच वर जाऊन गाडी मागे राहत असेल, तर आतली क्लच प्लेट झिजली आहे किंवा प्रेशर कमी पडतंय. लेव्हल कमी असली तरी हेच होतं, म्हणून गळती आणि लेव्हल पहिल्यांदा बघावी. ती ठीक असूनही स्लिप, म्हणजे क्लच प्लेट असं घसरणं, असेल, तर ऑइल बदलून झिजलेली प्लेट परत येत नाही.

याउलट साठ ते ऐंशीच्या वेगात, हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर, रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर येत असेल तर बऱ्याचदा तो टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचचा (कन्व्हर्टरचं घसरणं थांबवून त्याला थेट जोडणाऱ्या क्लचचा) प्रकार असतो. ऑइलमधले घर्षण सांभाळणारे घटक संपले की ही थरथर सुरू होते, आणि नव्या ऑइलने ती जाण्याची शक्यता चांगली असते.

मग थोडं ऑइल काढून पांढऱ्या कागदावर टाका. लालसर-तपकिरी म्हणजे वयाप्रमाणे. काळं आणि करपट वासाचं म्हणजे प्लेट जळल्यात. सोलकढीच्या रंगाचं, दुधाळ गुलाबी आलं तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट आत शिरलंय. अशी गाडी अजून घेतली नसेल तर घेऊ नका.

तसंच ठेवणं

‘आयुष्यभराचं ऑइल’ या शब्दांवर हा पर्याय उभा आहे. पण अनेक कंपन्यांच्या ऑटोमॅटिक बनवणाऱ्या झेडएफची स्वतःची शिफारस 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा 8 वर्षांची आहे. खंडाळ्याच्या घाटात भरलेली गाडी, एसी चालू, पुढे ट्रकची रांग, अशा वेळी कन्व्हर्टर सतत घसरतो आणि ती सगळी उष्णता ऑइल पितं. मॅन्युअलमध्ये ‘कठीण वापर’ म्हणून जे लिहिलेलं असतं, ते आपल्याकडचं रोजचं आहे.

‘बदललं आणि गिअरबॉक्स बसला’ हे बहुतेक वेळा उलटं वाचलं जातं. लोक ऑइल बदलायला आणतात तेच मुळी स्लिप सुरू झाल्यावर. पुढे पाचशे किलोमीटरवर गाडी बंद पडली की दोष नव्या ऑइलला. म्हणून तसंच ठेवायचं ते एकाच परिस्थितीत: लेव्हल बरोबर असून स्लिप ठळक आहे आणि ऑइल करपलेलं आहे. तिथे दहा लिटर महाग ऑइल ओतण्यापेक्षा तो पैसा ओव्हरहॉलकडे वळवा.

मशीन की टप्प्याटप्प्याने

नट खोलल्यावर सगळं ऑइल येत नाही. कन्व्हर्टर, कूलर आणि पाइपांमध्ये बरंच राहतं. समजा एकूण 9 लिटर आणि निघालं साडेतीन. एका वेळेत 39 टक्के नवं झालं. काही दिवस गाडी चालवून पुन्हा केलं की 63, तिसऱ्यांदा 77. साडेदहा लिटर ऑइल आणि तीन वेळची मजुरी जाते. मशीनवर तेवढ्याच, किंवा लिटरभर जास्त ऑइलमध्ये एका दुपारी जवळजवळ सगळं बदलतं. कागदावर मशीन जिंकतं.

पण मशीन दोन प्रकारची. एक कूलरच्या पाइपला जोडतात: गिअरबॉक्सचाच पंप जुनं बाहेर टाकतो, तेवढंच नवं आत जातं, जादा दाब नाही. दुसऱ्यात बाहेरून दाब देतात आणि आधी साफसफाईचं केमिकल घालतात. धोका खरा आहे तो या दुसऱ्यात. वर्षानुवर्षं चेंबरच्या (गिअरबॉक्सखालच्या ऑइलच्या ट्रेच्या) तळाशी बसलेला गाळ उठतो, ऑइलला वाट देणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांमध्ये आणि सोलेनॉइडच्या (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या) जाळ्यांत अडकतो, आणि काल नीट पडणारा गिअर आज झटका मारतो. ‘फ्लश’ म्हणजे यातलं नेमकं काय, हे गॅरेजला आधी विचारा. केमिकल म्हणाले तर नको.

इतिहास माहीत नसलेल्या पण धडधाकट गिअरबॉक्सला आमची पसंती टप्प्याटप्प्याच्या पद्धतीला आहे. कारण आकडे नाहीत, चेंबर आहे. पहिल्या वेळी चेंबर उतरवतात, फिल्टर आणि गास्केट बदलतात, आणि आतली लोहचुंबकं दिसतात. त्यावर करड्या रंगाची मऊ पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज. पुसून परत लावा. बोटाला टोचणारे कण किंवा पितळी चमक दिसली तर पुढचे दोन टप्पे रद्द करून आधी निदान करा. चेंबर न उघडता नुसतं मशीन लावलं तर हे कळतच नाही. नोंदी पूर्ण असतील, ऑइल स्वच्छ असेल, तर कूलरच्या पाइपवरचं मशीन खुशाल लावा.

पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या मध्ये हजारेक किलोमीटर पुरेत. दुसऱ्यांदा निघालेलं ऑइल काचेच्या बाटलीत पहिल्याच्या शेजारी ठेवा. फरक दिसला की तिसरा टप्पा करायचा की नाही ते ठरतं.

जिथे काम बिघडतं

भरायचा नट आधी सैल करा, मगच खालचा खोला. वरचा नट गंजून अडकलेला असेल आणि खालून ऑइल काढून झालं असेल, तर गाडी लिफ्टवरच अडकते.

क्रिस्टाला डिपस्टिक नाही. निघालेलं ऑइल मोजून तेवढंच भरायचं, पण मोजायचं ते गार झाल्यावर. गरम ऑइल फुगलेलं असतं. पन्नास अंशांच्या फरकाला चार लिटरमागे साधारण दीडशे मिली. मग गाडी समतल, इंजिन चालू, ब्रेक दाबून गिअर पी पासून डी पर्यंत प्रत्येक ठिकाणी काही सेकंद थांबवत फिरवायचा आणि परत पी. स्कॅनरवर गिअरबॉक्सचं तापमान बघत बसायचं. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेत, बहुधा चाळीस अंशांच्या आसपास, ते आलं की तपासणीचा नट खोलायचा. धार येऊन थेंबांवर आली की लेव्हल बरोबर. काहीच आलं नाही तर वरून थोडं भरा. ऐंशी अंशांवर तपासलं तर फुगलेलं ऑइल वाहून जातं आणि लेव्हल कमी राहते. अंदाजाने जास्त भरलं तर ऑइलचा फेस होतो, आणि फेसाने प्रेशर धरत नाही. स्कॅनर नसलेल्या गॅरेजात हे काम देऊ नका.

चेंबरचे बोल्ट लहान असतात. हवेच्या गनने आवळले की पत्रा वाकतो आणि गास्केट नवं असूनही गळतं. टॉर्क पानाच वापरायला लावा, आणि नटाखालचा वॉशर दर वेळी नवा.

ऑइलच्या बाबतीत ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं लिहिलेल्या ड्रममधलं घेऊ नका. डब्ल्यूएस पातळ आहे. जुन्या डेक्सरॉन 3 दर्जाचं जाड ऑइल त्याच्या जागी चालत नाही. सीलबंद डबे आपल्यासमोर फोडून घ्या, रिकामे डबे मोजा.

काम झाल्यावर पहिले पन्नास-शंभर किलोमीटर गिअर थोडे वेगळे पडल्यासारखे वाटू शकतात. काही गाड्यांत गिअरबॉक्सच्या संगणकाने जुन्या ऑइलवर शिकलेल्या गिअर बदलण्याच्या सवयी स्कॅनरने पुसाव्या लागतात. ते त्याच दिवशी करून घ्या. आठवड्याने गाडीखाली सकाळी पुठ्ठा टाकून लाल डाग पडतोय का ते बघा.