‘सगळ्यात स्वस्त प्लॅन आपोआप’ म्हणत ९,२५९ रुपये नेले (घोडबंदर रोड, ठाणे)

वाघबीळ ते कासारवडवली पट्ट्यात राहणाऱ्यांनी हे नीट वाचा. सोसायटीच्या गेटपाशी टेबल टाकून दोन मुलं बसतात. ‘काकू, मोबाईल आणि नेटची कटकट आमच्यावर सोडा, दर महिन्याला जी कंपनी स्वस्त तिकडे तुम्हाला आपोआप हलवू’ असं सांगतात. आमचा हिशेब असा: नोंदणी १,१८०, राउटरची अनामत २,५००, पहिल्या महिन्याचे ५८९ आणि नंतर न विचारता कापलेले ४,९९०.

रस्त्यावरच्या कुणाच्याही हातात पैसे ठेवणारी मी नाही. त्यांना कमिटीची परवानगी होती, पावतीवर जीएसटी नंबर छापलेला होता. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हापासून घरात दोन मोबाईल आणि वायफाय म्हटलं की महिन्याचं गणित कोलमडतं. अशा वेळी कुणी स्वस्त म्हटलं तर माणूस ऐकणारच.

पण तो स्क्रीन डोळ्यांसमोरून जात नाही. मिस्टरांच्या फोनवर ऑटोपेची, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापू देण्याची, विनंती आली. वर कंपनीचं नाव, खाली ‘कमाल रक्कम ५,०००’, त्याखाली ‘गरजेनुसार’. मी बोट ठेवून विचारलं, ५८९ चे ५,००० कसे? टेबलावरचा मुलगा म्हणाला, ‘ती नुसती लिमिट असते काकू, कापले ५८९च जाणार.’ मिस्टरांनी पिन टाकला. लाईट बिल, एसआयपी सगळं असंच चालतं, कोण शंका घेणार? पण त्या लिमिटपर्यंत पैसे काढताना पुन्हा पिन लागत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

आणि ‘दर महिन्याला स्वस्त कंपनी’ ही तर शुद्ध थाप. नंबर एकदा पोर्ट केला, म्हणजे तोच नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेला, की ९० दिवस दुसरीकडे नेताच येत नाही, नियमच तसा आहे. हे एक वाक्य कुणी तेव्हा सांगितलं असतं तर!

पोर्टिंगचा आठ अक्षरी कोड त्यांनी घेतला, जुनं सिम बंद झालं आणि नवीन ‘उद्या आणतो’ म्हणत लटकवलं. पैसे कापण्याआधी येणारा मेसेज नेमका त्या बंद नंबरवर. ४,९९० ‘वार्षिक प्लॅन’ म्हणून गेले. जुनं वायफाय त्यांच्याच सांगण्यावरून आधी बंद केलेलं. नवीन लाईन कधी चालू, कधी बंद, मग कायमची बंद. राउटर उलटा केला तर कंपनीच्या स्टिकरखाली दुसऱ्याच कंपनीचं स्टिकर, नखाने खरवडलेलं. २,५०० या भंगारासाठी!

मग सुरू झाले हेलपाटे. चौकीत म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत, ओटीपी चोरीला गेला नाही, हा दिवाणी मामला. बँकेत म्हणाले, पिन तुमचाच. म्हणजे थाप मारून पिन टाकून घेतला तर ती फसवणूकच नाही? मोबाईल कंपनी म्हणते, तो आमचा एजंट नाही. मग सिम त्याच्या हातात कुणी दिलं? त्याचं उत्तर नाही. ट्राय, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था, एकेका ग्राहकाची तक्रार घेत नाही. सेक्रेटरी म्हणतात, परवानगी फक्त टेबलाची होती. टेबलाचं भाडं मात्र सोसायटीने घेतलंय! प्रत्येक जण पुढचं दार दाखवतो. मिस्टरांनी त्यासाठी रजा काढल्या त्या वेगळ्याच.

कुणाचा ऑटोपे चालू असेल तर आत्ताच यूपीआय ॲपमध्ये जाऊन रद्द करा, त्यांना फोन करत बसू नका. स्वस्त प्लॅन बघायचा तर ट्रायच्या टॅरिफ पोर्टलवर सगळ्या कंपन्यांचे दर फुकट दिसतात, मध्ये दलाल कशाला? पोर्टिंगचा कोड अनोळखी माणसाला द्यायचा नाही. प्रीपेडचा उरलेला बॅलन्सही पोर्ट करताना बुडतो. नवं नेट चार दिवस नीट चालेपर्यंत जुनं तोडू नका. पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीची हेल्पलाईन १९३० लावा, आम्ही आधी त्या मुलालाच फोन लावत राहिलो आणि तो ‘करतो, करतो’ म्हणत राहिला.

आता ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाईन भरता येते. आमच्याच बी विंगमधली आणखी तीन घरं अशीच फसलेली निघाली आहेत. ज्यांच्याकडे त्या मुलांनी दिलेली निळी पावती असेल त्यांनी ती फेकू नका, ऑटोपेच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा आणि आमच्याबरोबर तक्रारीत नाव घाला.