ठाण्यातून ट्रॅकवर: नुसत्या स्प्रिंगा, शॉकसकट सेट की कॉइलओव्हर?

ट्रॅक डेसाठी, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या सर्किटवर पळवायच्या दिवसासाठी, सस्पेन्शन बदलायचं म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "गाडी किती खाली बसेल?" मी आधी विचारेन, चाकाला वर-खाली हलायला किती जागा उरेल? कोइम्बतूरचं कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टईचं सर्किट, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, तिन्ही आपल्यापासून हजार किलोमीटरच्या पलीकडे. वर्षातून तीन-चार दिवस तिकडे जाणं होतं. बाकी वर्षभर तीच गाडी घोडबंदर रोडचे खड्डे, गायमुखचा घाट आणि सोसायटीच्या पोडियम पार्किंगचा रॅम्प यांतून काढायची असते. नवी मुंबईकरांना पाम बीच रोडचं सुख आहे, पण पावसाळ्यात सायन-पनवेल महामार्ग त्यांनाही चुकत नाही.

सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे कंपनीचे शॉक (स्प्रिंगची उसळी आवरणारे शॉक ॲब्सॉर्बर) तसेच ठेवून फक्त गाडी खाली आणणाऱ्या स्प्रिंगा बसवणं. माझ्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसला मी तेच केलं होतं. दुकानदार म्हणाला, शॉक चालतील. पाम बीचवर गाडी मस्त वाटली. कारीवर मात्र दुसऱ्या सेशनपासून वळणाच्या मधोमध पुढची पकड एकाएकी सुटायला लागली. मी टायरना दोष दिला, हवा कमी-जास्त करून पाहिली. शेवटी शॉकचं धूळरबर वर सरकवून दांड्यावर प्लास्टिकचा केबल टाय आवळला आणि एक फेरी मारून आलो. टाय थेट बंपस्टॉपला, म्हणजे दांड्याचा प्रवास संपतो तिथल्या रबरी ठोकळ्याला, जाऊन टेकला होता.

गाडी खाली आणली की शॉकचा दांडा उभ्या गाडीतच बराच आत गेलेला असतो. वळणात वजन बाहेरच्या पुढच्या चाकावर आलं की उरलीसुरली जागा संपते आणि रबरी बंपस्टॉपच स्प्रिंगचं काम करू लागतो. तो स्प्रिंगपेक्षा कितीतरी कडक. त्या एका टायरवर भार एकदम चढतो आणि पकड जाते. शिवाय कडक स्प्रिंग दाबून सुटते तेव्हा जोरात उसळते, आणि ती उसळी धरून ठेवण्याइतका रिबाउंड (स्प्रिंग सुटताना शॉकने केलेला विरोध) कंपनीच्या शॉकमध्ये नसतो. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंग एकाच उभ्या खांबात असलेली रचना) असलेल्या गाडीत आणखी एक अडचण येते. गाडी जितकी खाली येते त्यापेक्षा रोल सेंटर, म्हणजे वळणात गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, जास्त खाली जातं, त्याचं गाडीच्या गुरुत्वमध्यापासूनचं अंतर वाढतं, गाडी जास्त झुकू पाहते, आणि कडक स्प्रिंगचा फायदा तिथेच खर्ची पडतो. हा पर्याय दिसायला देखणा आहे, पण ट्रॅकसाठी मी तो कुणालाही सुचवणार नाही.

दुसरा पर्याय एकमेकांना साजेसे शॉक आणि स्प्रिंगा घेण्याचा. बिल्स्टीन ब्रँडचा बी-६ शॉक गाडीच्या कंपनीच्याच उंचीच्या स्प्रिंगांसाठी असतो, बी-८ खाली आणणाऱ्या स्प्रिंगांसाठी, आणि बी-१२ म्हणजे बी-८ सोबत आयबाखच्या प्रो-किट स्प्रिंगा. हे गॅसचे मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचे, शॉक आहेत. सलग फेऱ्यांत तेल तापलं तरी त्यांचा धरबंद सुटत नाही. कोनीच्या पिवळ्या स्पोर्ट शॉकमध्ये रिबाउंड कमी-जास्त करता येतो. आज पुन्हा सुरुवात करायची झाली तर मी बी-६ आणि मूळ स्प्रिंगा घेईन. गाडीचा फोटो आधीसारखाच दिसेल, पण ब्रेक मारताना नाक कमी डुंबतं, वळणात शिरताना गाडी एकदाच झुकते आणि तिथेच स्थिर राहते, आणि खड्ड्यासाठी जागाही शिल्लक राहते. रोज ठाणे-बीकेसी करणाऱ्याला याहून अधिक काही लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

तिसरा पर्याय कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारा शॉक आणि स्प्रिंगचा सेट. त्याची खरी ताकद उंचीत नसून जुळवाजुळवीत आहे. बिल्स्टीन बी-१४ आणि केडब्ल्यू व्हेरिएंट १ मध्ये फक्त उंची बदलते. व्हेरिएंट २ मध्ये रिबाउंडही, व्हेरिएंट ३ मध्ये रिबाउंड आणि कम्प्रेशन (स्प्रिंग दबताना शॉकने केलेला विरोध) दोन्ही वेगवेगळे. बी-१६ आणि ओलिन्सच्या रोड अँड ट्रॅकमध्ये एकाच नॉबने दोन्ही एकत्र बदलतात. हा नॉब फिरवून, फेरी मारून, वहीत लिहून ठेवायचा नेम असेल तर ओलिन्स किंवा व्हेरिएंट ३ वर खर्च करा. तो नेम नसेल तर पैसे शॉकमध्ये अडकतील आणि गाडी तिथेच राहील. अनोळखी नावाचे ३२ क्लिकवाले स्वस्त सेट मात्र टाळाच. अशा सेटमध्ये क्लिक फिरतात, पण आतला फरक हाताला लागत नाही, आणि आपल्याकडच्या दोन पावसाळ्यांत चिखलाने आटे जाम झाले की उंचीही बदलत नाही. केडब्ल्यूची नळी स्टेनलेस स्टीलची असते, खाडीकाठच्या हवेत त्याचं मोल कळतं. सेट निवडताना तो उघडून दुरुस्त करून देणारा कुणी आपल्या आवाक्यात आहे का, हे विचारून घ्या.

सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात जास्त फरक पडतो तो अलाइनमेंटने, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याने. ट्रॅकवर पुढच्या टायरची बाहेरची कड झिजत असेल तर निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाच्या माथ्याचा आतल्या बाजूचा कल, कमी आहे. रस्ता आणि ट्रॅक दोन्ही करणाऱ्या गाडीला पुढे उणे २ ते २.५ अंश बरा, आणि त्यासाठी स्ट्रटवरच्या गाड्यांना बहुधा हा कल बदलू देणाऱ्या कॅम्बर प्लेट लागतात. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीला मागचा जाडा अँटी-रोल बारही (गाडीचं झुकणं कमी करणारा आडवा दांडा) लगेच जाणवतो, नाक वळणात आत येतं. पण जुलैच्या पावसात तीच मागची बाजू हलकी होते, म्हणून बार ॲडजस्टेबल घ्या आणि पावसाळ्यात मऊ भोकावर ठेवा. मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या बीएमडब्ल्यूच्या मालकांनी हा सल्ला घेऊ नये. त्यांनी कडकपणा पुढून वाढवावा.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर झालेलं नुकसान आपलंच धरून चला आणि बदल विमा कंपनीला लेखी कळवा.

सेट मागवण्याआधी दोन मापं घ्या. एक, पुढच्या स्ट्रटच्या बुडाचा व्यास. माझ्या गाडीच्या घराण्यात ५० आणि ५५ मिलिमीटर असे दोन प्रकार आहेत आणि चुकीचा सेट बसतच नाही. दुसरं, सोसायटीच्या रॅम्पच्या माथ्यावर गाडी थांबवा, चारही जण बसलेले असू द्या, आणि पुढच्या बंपरखाली, तसंच दोन चाकांच्या मधोमध पोटाखाली किती बोटं आत जातात ते बघा. गाडी ट्रेलरवरून चेन्नईला पाठवणार असाल तर त्या ट्रेलरचा उतार याहून तिरका असतो.