केराटिन म्हणून भलतंच लावलं

मागच्या वर्षी मे महिन्यात जिंतूरला दिराचं लग्न होतं. माझे केस कमरेपर्यंत, पण राठ. परभणीत आमच्याकडं बोअरचं पाणी. बादलीला पांढरा थर धरतो, तिथं केसांचं काय सांगावं! त्यात एका पार्लरची पाटी दिसली: केराटिन (म्हणजे केस मऊ, सरळ करायचा लेप), साडेपाच हजारांचं साडेतीन हजारांत. मला हाव सुटली, हे आधीच कबूल करते.

क्रीम मोठ्या डब्यातून वाटीत काढून आणलं. डब्याचं लेबल खरवडलेलं. अमोनियाचा असा भपकारा आला की डोळ्यांना धार लागली. "ताई, हा वास कसला?" तर म्हणे, "माल ताजा आहे ना, म्हणून." अर्ध्या तासाने केस धुतले, वाळवले, चटके देणारी इस्त्री फिरवली, आणि मग दुसरं पांढरं क्रीम लावून पुन्हा धुतले.

सगळी मेख त्या दुसऱ्या क्रीममध्ये होती, पण हे मला नंतर कळलं. केराटिनचा केसावर वरून थर बसतो. इस्त्रीने तो पक्का करतात आणि तीन-चार महिन्यांत तो उतरतो. पहिल्या क्रीमने केसाचे आतले बंध तोडायचे, इस्त्रीने केस सरळ करायचा आणि दुसऱ्या क्रीमने ते बंध पुन्हा जुळवायचे, हे स्मूदनिंग. मला केलं ते हेच. ते उतरत नाही, कापूनच काढावं लागतं. (खरं केराटिन तरी साधं असतं असं समजू नका. त्यातल्या बऱ्याच क्रीममधून गरम झाल्यावर फॉर्मल्डिहाइड नावाचा घातक वायू सुटतो.) मी वर्षभर पाकिटातली काळी मेंदी लावत होते. तिच्यातही रसायनं असतात आणि तसल्या केसांवर हे करायचं तर आधी एका बटेवर लावून बघावं लागतं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

लग्नात केस चकाचक. मामेसासूबाई म्हणाल्या, "लई भारी दिसायलीस गं." तिसऱ्या आठवड्यात न्हाताना ओली बट रबरासारखी ताणली गेली आणि हातातच राहिली. महिन्याभरात निम्मे केस खांद्याशी तुटले.

आता दुसरी चूक. मी भांडायला म्हणून त्याच पार्लरमध्ये गेले आणि आणखी तीन हजार देऊन आले! "ताई, केस डॅमेज आहेत, हेअर बोटॉक्स करा, चार सिटिंगमध्ये तुटलेले जुळतात." नाव बोटॉक्स, पण त्यात बोटॉक्सचा, म्हणजे सुरकुत्यांवरच्या त्या इंजेक्शनचा, थेंबही नसतो. कंडिशनरसारखा एक लेप, बस. तीन न्हाण्यांत चमक उतरली आणि खाली तोच झाडू.

शेवटी चामडीच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी टाळू बघितली आणि म्हणाले, "मुळं ठणठणीत आहेत. पण बाहेर आलेला केस मेलेलाच असतो. त्याला कुणी जुळवत नाही." केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे नुसती वीतभर लांबी परत यायला दीड-दोन वर्षं. ती कुणी सिटिंगमध्ये विकू शकत नाही.

मी मानेपर्यंत कापले. रडले, मग हलकं वाटलं. आता न्हायच्या आदल्या रात्री खोबरेल तेल, शेवटचं पाणी जारचं, आणि टॉवेलने रगडण्याऐवजी आईच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा. ओल्या केसात कंगवा नाही, इस्त्री तर नाहीच.

पैशांचं? बिल घेतलं नव्हतं, आणि पैसे मोबाइलवरून पार्लरवालीच्या नवऱ्याच्या नंबरवर टाकले होते. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन केला, तर पहिला प्रश्न बिलाचाच. तेव्हा तुम्ही जाणार असाल तर सीलबंद डबा समोर फोडायला लावा, त्यावरचा बॅच नंबर आणि मुदत यांचा फोटो काढा, बिलावर 'केराटिन' की 'स्मूदनिंग' ते लिहून घ्या. लिहायला कुरकुर केली की चप्पल घालून निघा.

परवा आईने केस हातात धरून बघितले. "पोळ्यापर्यंत वेणी येईल माय तुझी," म्हणाली. मी म्हटलं, रबर बसला तरी पुरे.